बुधवारची बस आणि दारावरचा डबा

तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आज दुपारी वाटलं की दूध संपलंय, आपणच जाऊन आणावं, तर ते माणूस कसं जाईल?

लगेच उत्तर देऊ नका. 'मी ऑफिसमधून येताना आणेन' हे उत्तर नाही. 'ॲपवरून मागवता येतं' हेही नाही. प्रश्न दुधाचा नाही, जाण्याचा आहे.

काकू, हा प्रश्न तुमचा. तुम्ही तो मला माझ्या बेसमेंटच्या दारात उभ्या राहून विचारला होता आणि मी त्यावर पानभर भाषण दिलं होतं. तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "झालं? मग आता दूध कोण आणतंय?"

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे नितीनदादाने लिहून दिलंय, ते चौकटीत येईल. मला तसलं जमणार नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि त्यात मी एक वाक्य बोलले होते. ते मला परत घ्यायचंय. म्हणून लिहिते आहे.

मी तुमच्याकडे भाड्याने राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. घर नितीनदादाचं, म्हणजे तुमच्या मुलाचं. तो आणि वहिनी सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जायचे ते संध्याकाळी परत. मी खाली बेसमेंटमध्ये, कानाला हेडफोन लावून एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर तपासत बसलेली. आणि वर तुम्ही, दिवसभर एकट्या. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना.

पहिल्याच दिवशी तुम्ही तो उतरून आलात. एका हातात भाकरी आणि ठेच्याची ताटली, दुसऱ्या हातात वही.

"रिपोर्ट केलास काय?"

"कुठे?"

"अगं, नव्या गल्लीत राहायला आलं की चोवीस तासांत पाक एर्तेकडं जाऊन नाव सांगायचं असतंय."

मला काहीच कळेना. मग तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलात, मी पलंगावर, आणि पहिल्यांदा मला बांडुंग कळलं. काका मूळचे इचलकरंजीचे, सूतगिरणीतले इंजिनिअर. नोकरीसाठी ते इंडोनेशियातल्या त्या डोंगरातल्या शहरात गेले आणि तुम्ही दोघं बावीस वर्षं तिथे राहिलात. तिथे प्रत्येक गल्लीचा एक प्रमुख असतो, गल्लीतल्याच लोकांनी निवडलेला. तो म्हणजे पाक एर्ते. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचं छप्पर गळतंय, सगळं त्याला माहीत असतं.

"आणि इथे कोण आहे पाक एर्ते?"

"मीच की," तुम्ही म्हणालात आणि वही उघडली. "नाव सांग. आईचा नंबर. रक्तगट. काय खाल्लं की बाधतंय? लग्न?"

"काकू, हा खासगी प्रश्न आहे."

"बरं. खासगी."

ती वही परवा वहिनीने मला दिली. माझ्या नावापुढे लिहिलंय: बी पॉझिटिव्ह. शेंगदाणे चालतात. लग्न खासगी.

मला तुम्ही नाव ठेवलंत ते 'हँडबिल'. त्याला कारण होतं. माझे बाबा नागपुरात कामगार युनियनमध्ये होते आणि आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळ्या कागदांवरची. मी वाचायला शिकले तीच त्यांच्यावरून. पहिलं जोडाक्षर मला आलं ते 'हक्क' या शब्दातलं. त्यामुळे मला साधी गोष्टही साधी सांगता येत नाही. थर्मोस्टॅट दोन डिग्री वाढवा, एवढंच नितीनदादाला सांगायचं होतं, तर मी त्याला मुद्देसूद ईमेल लिहिली होती. तुम्ही ती त्याच्या फोनवर वाचलीत आणि जिन्यावरून ओरडलात, "ए हँडबिल, थंडी वाजतीय तर शाल मागायची की. मागण्या कसल्या करतीस?"

तुमचं बांडुंग मला कधी सलग ऐकायला मिळालं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी यायचं, तुम्ही भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. पहाटे लाकडाच्या ठोकळ्यावर टॉक टॉक करत जाणारा शेवयांच्या सूपचा गाडा. वाटीवर चमचा वाजवणारा पातळ भाताचा गाडा. पाववाल्याची ठरलेली धून. 'सायूऽऽर' अशी हाळी देत येणारी भाजीवाली, जिच्याकडून तुम्ही भाषा शिकलात. तिथल्या भाषेत तुम्हाला आधी मिरची, कमी आणि उद्या हे तीन शब्द आले, बाकीचे नंतर. छत्री दुरुस्त करणारा. चपलेला सोल लावणारा. पाण्याचे मोठे बाटले खांद्यावरून आणून स्वयंपाकघरात ठेवणारा आणि जाताना गॅसची नळी बघून जाणारा.

"डोळं मिटून बसलं तरी किती वाजलं ते कळायचं," तुम्ही म्हणायचात. "इथं डोळं उघडं ठेवून कळंना झालंय."

त्या गल्लीतून बाहेर पडायचं तर अंकोत. हिरव्या रंगाची छोटी व्हॅन, दार कायम उघडं, आत समोरासमोर बाकं आणि गुडघ्याला गुडघा. स्टॉप असा नाही. जिथे हात दाखवाल तिथे थांबणार आणि उतरायचं असलं की म्हणायचं 'किरी', म्हणजे डावीकडे घे. बावीस वर्षांत तुम्ही गाडी चालवायला शिकला नाहीत, कारण कधी गरजच पडली नाही. "तिथं नवऱ्याला सुआमी म्हणतात," हे सांगताना तुम्ही दर वेळी हसायचात. "हे त्यावर फुशारून बसायचं. मी म्हणायची, स्वामी असशील घरात. रस्त्यावर मला अंकोत आहे."

मग काका गेले आणि नितीनदादाने तुम्हाला इथे आणलं. त्याच्या मनात प्रेमच होतं, यात मला कधी शंका आली नाही. उबदार खोली, मोठा टीव्ही, मराठी चॅनेल. फक्त घराच्या बाहेर पाय ठेवला की फुटपाथ दोनशे पावलांवर संपतो.

कोथिंबिरीची गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत आहे, पण ती विनोद म्हणून. तुम्ही एका सकाळी स्वेटर चढवून, पिशवी घेऊन, कडेच्या गवतातून चालत कोथिंबीर आणायला निघालात. पोलिसांची गाडी थांबली. तो बिचारा अदबीने विचारत होता, तुम्ही हरवलात का? तुम्ही त्याला इंग्रजीत सांगितलंत की मी हरवले नाही, मी कोथिंबिरीला चालले आहे. त्याने तुम्हाला मागच्या सीटवर बसवून घरी आणून सोडलं. संध्याकाळी नितीनदादाचा चेहरा पडलेला.

"आई, प्लीज. असं वॉक करत जाऊ नकोस यार. डेंजरस आहे. मला कॉल कर ना."

"तू शिकागोत. कोथिंबीर इथं."

"मग वीकेंडला जाऊ."

"वीकेंडला मला कोथिंबीर नको असंल तर?"

सगळे हसले. मीही हसले. रात्री आंघोळ करताना मला त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला आणि मी तशीच ओल्या केसांनी बसून गावातल्या ज्येष्ठांच्या सोयींची माहिती शोधून काढली. त्यातून बुधवारची बस सापडली.

बस म्हणजे बारा सीटची पांढरी व्हॅन. आदल्या दिवशी फोन करून नाव सांगायचं, मग बुधवारी दहा वाजता ती दाराशी येते. किराणा, फार्मसी, लायब्ररी करून एक वाजता परत. चालवायला डनीज. साठीची, भक्कम, मोठ्याने हसणारी बाई. पहिल्या फेरीत मी जेवणाची सुट्टी आधी घेऊन तुमच्याबरोबर आले होते. दुकान जवळ आलं आणि तुम्ही सवयीने म्हणालात, "किरी."

डनीजने आरशात पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

मी समजावून सांगितलं. तिने ब्लिंकर लावला, व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून मोठ्याने विचारलं, "अजून कुणाचं किरी?"

त्यानंतर त्या बसमधल्या सगळ्यांचंच किरी झालं. मागच्या सीटवरच्या पोलिश आजी, ऑक्सिजनची नळी लावलेले मिस्टर हॅरिस, सगळे म्हणायला लागले. मी तुम्हाला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. एका व्हॅनमुळे माणसाला चेहरा परत मिळतो, हे मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं.

डबा आला तो त्यानंतर.

बांडुंगमध्ये तुमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या दारावर एक छोटा डबा टांगलेला असायचा. घरातल्या बाईने रोज भात लावताना त्यात मूठभर तांदूळ टाकायचे. संध्याकाळी गल्लीतलं कुणी येऊन ते गोळा करायचं आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याला द्यायचं. त्याला तिथे पेरेलेक म्हणतात. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, जी कुठे लिहिलेली नाही, असं तुम्ही सांगितलंत. डबा रिकामा दिसला तर दार वाजवायचं. रागवायला नाही. आत सगळं बरं आहे ना, ते बघायला.

तुम्ही नितीनदादाच्या दाराला कॉफीचा रिकामा डबा तारेने बांधलात. रोज संध्याकाळी तो पिशवीत रिकामा करायचात, सकाळी पुन्हा मूठ टाकायचात. मग बसमधल्या चार घरांना पटवलंत आणि डबा रिकामा दिसला तर काय करायचं, ते डनीजलाही सांगून ठेवलंत. पोलिश आजींनी लगेच ऐकलं. मिस्टर हॅरिस म्हणाले, मी तांदूळ खात नाही. तुम्ही म्हणालात, खाऊ नका, टाका. तीन आठवड्यांत आमच्या हाउसिंग असोसिएशनचं पत्र आलं: दर्शनी दारावर ऋतुमानानुसार सजावट वगळता काहीही टांगू नये. मी कायद्याचं उत्तर लिहायला बसले. तुम्ही वहिनीला सांगून नाताळात लावतात ती हिरवी गोल रीथ आणवलीत आणि डबा तिच्यात लपवलात. उन्हाळ्यातही ती लाल फितीची रीथ दारावर होती. शेजारच्यांना वाटलं असेल, हे भारतीय लोक नाताळ फारच मनावर घेतात.

आठवड्याचे तांदूळ गोळा करून आपण दोघी गरजूंना शिधा देणाऱ्या फूड पँट्रीत द्यायला गेलो, तर त्यांनी फार गोड बोलून परत केले. सुटे तांदूळ घेता येत नाहीत, सीलबंद पाकीट लागतं. मी चिडले. तुम्ही पिशवी घरी आणलीत आणि सगळा भात एकत्र लावलात. त्यात बासमती होता, आंबेमोहोर होता, पोलिश आजींचा जाड गोल तांदूळ होता आणि मिस्टर हॅरिसनी कुठून तरी आणलेला, आधीच अर्धा शिजवून वाळवलेला झटपट भात होता. कुठे कच्चा, कुठे गिच्च. वर टेंपे, म्हणजे तुमची ती सोयाबीनची आंबवलेली वडी, उसळीसारखी परतून घातलीत आणि पुढच्या बुधवारी प्रत्येकाला डबे भरून दिलेत. डनीजलाही.

"हे म्हणजे ज्याचा भात त्यालाच परत," मी म्हटलं. "यातून साधलं काय?"

"खाऊन बघ की."

खाल्ला. वाईट होता. दोनदा घेतला.

आता भांडण.

यंदाच्या हिवाळ्याच्या शेवटी बसमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. प्रवासी कमी, खर्च जास्त, म्हणून गाव ही सेवा बंद करण्याचा विचार करत आहे. बैठकीत नागरिकांना बोलता येईल. त्या दिवशी डनीजने प्रत्येकाची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली.

माझ्या अंगात बाबा संचारले. मी शनिवार-रविवार बसून पत्रक लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. 'उपकाराची नव्हे, हक्काची बस.' वाचून दाखवायला वर आले तेव्हा तुम्ही ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होतात.

"चांगलं आहे," तुम्ही म्हणालात. "ह्यात डनीज कुठाय?"

"काकू, हा एका डनीजचा प्रश्न नाही. हा धोरणाचा प्रश्न आहे."

"मग मागच्या सीटवरच्या आजी? त्या तरी?"

तिथून सुरू झालं. मी म्हटलं, तुमच्या या मूठभर तांदळांमुळेच तोटा होतो. लोक आपापसात भागवून घेतात आणि गावाचे हात मोकळे होतात. ज्याने करायला हवं त्याला करायला लावा, नाहीतर आयुष्यभर डबे टांगत बसा. तुम्ही म्हणालात, मिळू दे की हक्क, मी कुठं नको म्हणते. पण तो मिळंपर्यंत जेवलीस काय म्हणून कोण विचारणार? मी म्हटलं, असं विचारून विचारूनच माणसं गप्प बसवली जातात. तुमचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे माझा जास्तच चढला.

मग तुम्ही काकांचं सांगितलंत. ते तुम्ही मला आधी कधी सांगितलं नव्हतं. दुपारी जेवताना त्यांच्या छातीत कळ आली. तुम्ही ओरडलात आणि गल्ली आत आली. पाक एर्तेने रस्त्यावर उभं राहून समोरून येणारी पहिली अंकोत थांबवली. आतले सगळे एका शब्दात उतरले, कुणी का विचारलं नाही. भाजीवालीने काकांचं डोकं मांडीवर घेतलं. ते दवाखान्याच्या आधी, पुलावर गेले.

"अख्खी अंकोत रिकामी करून दिली माझ्यासाठी," तुम्ही म्हणालात. "अशी गल्ली होती ती."

आणि मी, काकू, मी म्हणाले, "तेच तर सांगतेय मी. ॲम्ब्युलन्स आली असती तर काका वाचले असते."

तुम्ही एक काडी उचललीत, पानं खुडलीत, काडी बाजूला ठेवलीत.

"असंल," तुम्ही म्हणालात. मग पुढची काडी उचलत, "भात घेतेस काय?"

मी भात घेतला नाही. मी जिना उतरून गेले. त्या चौदा पायऱ्यांवर मला कळलं होतं मी काय बोलले ते. परत वर यायला हवं होतं. मी आले नाही, कारण वाक्य खरं होतं आणि खरं वाक्य परत कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरी पत्रकात चूक झाली तर शुद्धिपत्रक काढत. माणसाला लागलं तर काय काढतात, ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी बैठक होती. तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही निळी साडी नेसून, बूट घालून, गाडीत माझ्या आधी बसला होतात. मी तुमच्यासाठी भाषण लिहून ठेवलं होतं. ते तुम्ही घडी करून हातात धरलंत.

तिथला नियम असा की प्रत्येकाला तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, मग लाल. माझा नंबर आधी आला. मी इतकं साठवून आणलं होतं की लाल दिवा लागला तेव्हा मी दुसऱ्या मुद्द्यावर होते. माइक बंद झाला. पुढची दोन वाक्यं मी बिनमाइकची बोलले आणि बसले. कान तापले होते.

मग तुम्ही उठलात. तुमचं इंग्रजी मला पाठ आहे. त्यात क्रियापदं कमी आणि माणसं जास्त. तुम्ही म्हणालात, माझं नाव शैला. मी गाडी चालवत नाही. बुधवारी मी कोथिंबीर आणते. बसमध्ये डनीज आहे, ती मी सांगेन तिथे थांबते. नवरा गेल्यापासून माझं ऐकून थांबणारी ती पहिलीच. एवढं बोलून तुम्ही माझा कागद वर धरलात. हे या मुलीने लिहिलंय. सगळं बरोबर आहे. मला एवढं चांगलं वाचता येत नाही. तिचं बोलणं अर्धं राहिलं. माझी मिनिटं उरलीत, ती तिला द्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या, माफ करा, वेळ दुसऱ्याला देता येत नाही.

"मग मी थांबते," तुम्ही म्हणालात. "बससाठी थांबायची सवय आहे मला."

आणि तुम्ही थांबलात. माइकसमोर, कागद छातीशी धरून, दोन मिनिटं. कुणी खाकरलं, कुणी कागद चाळले, मग तेही थांबलं. सगळं सभागृह तुमच्याबरोबर बसस्टॉपवर उभं असल्यासारखं झालं. लाल दिवा लागल्यावर तुम्ही थँक यू म्हणून खाली बसलात. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

सगळं बरोबर आहे, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. ज्या पोरीने आठ दिवसांपूर्वी तुम्हाला ते सुनावलं होतं तिच्याबद्दल. परत येताना गाडीत मी तीनदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, "हीटर वाढव की जरा. मागण्या करू नकोस, नुसता वाढव."

पुढच्या बुधवारी माझी ऑफिसची मीटिंग होती. उद्या बसने तुमच्याबरोबर येत नाही, असा मेसेज मी तुम्हाला आदल्या दिवशी टाकला होता. तुम्ही अंगठा पाठवला होता. दहा वाजता मी खाली, कानावर हेडफोन लावून, कुणाच्या तरी स्लाइड्स बघत होते. बेसमेंटचं दार कुणीतरी जोरजोरात वाजवत होतं, ते किती वेळ, मला माहीत नाही.

डनीज होती. बस सोडून उतरायची तिला परवानगी नसते. ती उतरली होती, घराला वळसा घालून गवतातून मागे आली होती.

"हनी," ती म्हणाली, "डबा रिकामा आहे."

नितीनदादा आणि वहिनी सातला गेले. तुम्ही भात आठला लावता. म्हणजे त्या मधल्या तासात कधीतरी तुम्ही ओट्यापाशी पडलात. तांदळाचं माप जमिनीवर उलटं. आणि मी दोन तासांहून जास्त वेळ बरोबर तुमच्या पायाखाली बसले होते.

तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही मला ओळखलंत. डनीजने फोन केला आणि मी चहा ओतून प्यायला असता तेवढ्याही वेळात ॲम्ब्युलन्स दारात आली. त्यांनी मला तुमच्याजवळ बसू दिलं. तुमचा डावा हात हलत नव्हता, उजवा माझ्या हातात होता. दार बंद झालं, सायरन सुरू झाला. तुम्ही छताकडे पाहिलंत, त्या सगळ्या नळ्या आणि डबे पाहिलेत आणि जड जिभेने म्हणालात,

"आली बघ. तुझी ॲम्ब्युलन्स."

तुम्ही हसत होतात, काकू. अर्ध्या तोंडाने.

मी म्हटलं, "बोलू नका. दमाल."

त्या वेळी मी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते एका श्वासात झालं असतं. दोन दिवस तुम्ही दवाखान्यात होतात, पण त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत आणि ऐकत होतात की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नितीनदादा तुमच्या पायाशी बसून होता. एकदा तो म्हणाला, "वीकेंडला जाऊ म्हणायचो मी," आणि तुमची चादर सारखी करत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाषण केलं नाही.

म्हणून आता म्हणते. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली आणि तरी तुम्ही गेलात. काका वाचले असते की नाही, हे मला माहीत नव्हतं आणि कधीच कळणार नाही. मला फक्त वाद जिंकायचा होता. त्यासाठी मी तुमच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गल्ली तुमच्यासमोर मोडून टाकली. माझं चुकलं, काकू. ते वाक्य मी परत घेते.

पण भांडण मी सोडलेलं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. बारा दिवस मी त्याच्यावरच विचार करते आहे. बस नसती तर त्या बुधवारी तुमचा डबा बघायला कुणी आलंच नसतं. आणि डबा नसता तर बसने हॉर्न दिला असता, नियमाप्रमाणे दोन मिनिटं थांबली असती आणि निघून गेली असती. मी म्हणत होते ते आणि तुम्ही म्हणत होतात ते, दोन्ही त्या सकाळी एकाच बाईच्या रूपात गवतातून चालत आलं. माझ्या पत्रकात डनीज नव्हती. आता घातली आहे. पहिल्या ओळीत.

काल मी वर जाऊन रीथमधला डबा काढला. पोलिश आजींनी त्यात कधीतरी येऊन मूठभर तांदूळ टाकले होते. मी ते घरातल्या तांदळांत मिसळून भात लावला. कुठे कच्चा, कुठे गिच्च. नितीनदादा, वहिनी आणि मी ओट्यापाशी उभे राहून खाल्ला. मग नितीनदादाने डबा धुतला, पुसला आणि परत दारावर लावला. असोसिएशनचं दुसरं पत्र आलंय. त्याचं उत्तर या वेळी मी नाही, तो लिहिणार आहे.

वाचणाऱ्यांनो, आता तुम्हाला. येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या गावच्या सभागृहात या बसचा निर्णय आहे. या. पण एकटे येऊ नका. तुमच्या रांगेतली जी दारं तुम्ही कधी वाजवली नाहीत, त्यातलं एक वाजवा. गाडी न चालवणारं कुणी आत असेल तर त्यांचं नाव विचारा, आपलं सांगा आणि त्यांना तुमच्या शेजारच्या सीटवर बसवून आणा. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बोलता आलं तर बोला. नाही आलं तर काकूंसारखे नुसते उभे राहा, दिवा लाल होईपर्यंत.

आणि त्यांना घरी सोडताना वाटेत दुकान लागेल. दूध हवंय का, विचारा. हवं म्हणाले, तर आणून देऊ नका. गाडी थांबवा, त्यांना उतरू द्या, आणि थांबा.